झिलई की झीज?

दसरा आठ-दहा दिवसांवर आला म्हणजे उधन्याच्या मुख्य रस्त्यावरील मोटारीच्या सामानाच्या दुकानांतून संध्याकाळी पाय ठेवावयास जागा उरत नाही. सीटकव्हरे, पायपुसणी, काचेपाशी चिकटवावयाची देवाची लहानशी मूर्ती, गाडीत ठेवावयाचे अत्तर यांची विक्री वर्षभर चालूच असते. पण या दिवसांत गर्दी खेचून घेते ती दुकानाच्या मागच्या भिंतीवरील फळी. तिच्यावर खालपासून वरपर्यंत बाटल्या, डबे, फवारे आणि नळ्या मांडलेल्या. एका दुकानात आम्ही कुतूहलाने त्या मोजू लागलो आणि साठाच्या पुढे मोजणे सोडून दिले. शांपू, शांपू आणि वॅक्स एकत्र, लिक्विड पॉलिश, पेस्ट वॅक्स, रबिंग कंपाउंड, स्क्रॅच रिमूव्हर, सिरॅमिक स्प्रे, ग्राफीन कोटिंग, डॅशबोर्ड पॉलिश, टायर शायनर. आणि या प्रत्येक नावाखाली पुन्हा चार-पाच घराण्यांचा माल. त्या फळीसमोर उभा राहिलेला गृहस्थ थोडा वेळ गोंधळून पाहतो आणि अखेर विचारतो, ‘‘भाऊ, यातलं चांगलं कोणतं?’’ दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते: ‘‘काका, सगळंच चांगलं. तुम्हाला कितीपर्यंतचं पाहिजे?’’

रोग न विचारता खिसा विचारून औषध देणाऱ्या वैद्याची येथे आठवण व्हावी. परंतु दुकानदाराला बोल लावून भागणार नाही. विचारणाऱ्याचा प्रश्नच चुकलेला असतो. या फळीवर ‘चांगले’ असे काही नसते. अमुक कामाला योग्य किंवा अयोग्य एवढेच असते, आणि अयोग्य ठिकाणी वापरलेली उत्तमातील उत्तम बाटलीही गाडीच्या मुळावर येते.

हा गृहस्थ कोण, हेही पाहिले पाहिजे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या कारखान्यांत आणि लहानसहान उद्योगांत गेल्या कित्येक वर्षांपासून स्थिरावली आहेत. उधना–जळगाव हा लोहमार्ग ही त्यांची नाळ. आधी सायकल, मग स्कूटर किंवा मोटारसायकल, आणि मुले कमावती झाल्यावर एखादी मोटार, तीही पुष्कळदा दुसऱ्याच्या हातची आणि हप्त्याने घेतलेली, असा या घरांचा प्रवास आहे. आखाजीला, कानबाईच्या रोटांना, भाचीच्या लग्नाला हीच मोटार सोनगड, नवापूर, कोंडाईबारीचा घाट ओलांडून गावच्या पारापाशी जाऊन उभी राहते. ती लख्ख असावी असे मालकाला वाटले तर त्यात डौल मिरवण्याचा भाग थोडा आणि कष्टाच्या चिजेची कदर अधिक आहे. शिवाय व्यवहारही आहेच. पुढे ती विकावयाची वेळ येते तेव्हा जुन्या गाड्यांचा दलाल इंजिनाच्या आधी रंगावरून हात फिरवतो. आणि एखादे दार नव्याने रंगवलेले दिसले की अपघाताचा संशय घेऊन किंमत पाडतो. म्हणून कारखान्यातून आलेला मूळ रंग टिकवणे ही हौसेची बाब राहत नाही, ती कुटुंबाच्या शिलकीची बाब होते.

आता या मूळ रंगाची हकीकत. अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळी पत्र्यावर अस्तर आणि त्यावर जाडसर रंग असे साधे काम असे. हा रंग उन्हापावसाने वरून मरत असे, त्यावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसे. मग रविवारी सकाळी वॅक्सपॉलचा डबा आणि जुन्या धोतराचे फडके घेऊन मालक किंवा ड्रायव्हर गाडी घासावयास बसे. फडक्याला गाडीचाच रंग लागे. निळ्या गाडीने निळे, मरून गाडीने मरून. मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर येई आणि गाडी झळाळे. ज्यांनी हे पाहिले त्यांच्या मनात एक समीकरण कायमचे बसले: घासले म्हणजे चमकते. त्या काळापुरते ते खरेही होते.

पण आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक मोटारींचा रंग तसा नाही. त्यांच्यावर अस्तर, मग रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक लाखेचा थर असतो, ज्याला रंगकाम करणारे ‘क्लिअर कोट’ म्हणतात. चमक असते ती या वरच्या थराची. त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीच. आपल्या डोक्याचा केसही त्याहून जाड भरेल. हा थर एकदा झिजला की पुन्हा वाढत नाही. तो बाटलीत मिळत नाही, रंगवण्याच्या भट्टीतच मिळतो. जुन्या समीकरणाप्रमाणे दर दसऱ्याला त्यावर कंपाउंड घासणारा मनुष्य गाडीची झिलई वाढवत नसून तिची शिल्लक खर्चत असतो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या रुपेरी गाडीसाठी एका दुकानातून ‘पॉलिश’ म्हणून एक नळी आणली. दुकानदाराने दिली, आम्ही घेतली. मागचा बारीक मजकूर दोघांपैकी कोणीच वाचला नाही. दोन रविवार जीव ओतून घासल्यावर बॉनेट आरशासारखे दिसू लागले आणि शेजाऱ्यांनी कौतुकही केले. तिसऱ्या वेळी बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर, जेथे पत्रा वळतो आणि रंग मुळातच पातळ बसतो, तेथे अस्तराची पांढरट रेघ उघडी पडली. नळीत होते ते रबिंग कंपाउंड. दुकानदाराने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘पॉलिश’ हाच एक शब्द आहे.

गोंधळाचे मूळ नेमके येथे आहे. फळीवरच्या साठ बाटल्या म्हणजे साठ प्रकारचे पदार्थ नव्हेत. रंगावर लावावयाच्या वस्तूंची मुख्य कुळे दोनच. एक कूळ झिजवणारे: यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे कठीण, बारीक कण असतात, ते ओरखड्याच्या दोन्ही काठांवरचा लाखेचा थर खरवडून पातळी सारखी करतात, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. कंपाउंड, स्क्रॅच रिमूव्हर, ‘कट’ असा शब्द ज्यावर असेल ते सर्व या कुळातले. दुसरे कूळ झाकणारे: मेण, सिलिकोन किंवा सिलिकायुक्त द्रव्ये. ती काहीही काढीत नाहीत, वर एक पातळ आवरण चढवतात. त्यावरून पाणी ओघळून जाते, धूळ घट्ट बसत नाही आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते आवरणच झिजून जाते, खालचा रंग शाबूत राहतो. तेव्हा दुकानात उभे राहून विचारावयाचा प्रश्न ‘चांगले कोणते’ हा नव्हे. ‘हे झिजवते की झाकते?’ हा आहे. दुकानदाराला सांगता आले नाही तर बाटली उलटी करून वाचावी, आणि तेथेही उत्तर मिळाले नाही तर ती परत फळीवर ठेवावी. झिजवणारे वर्षातून एकदा किंवा दोन वर्षांतून एकदा, तेही ओरखडा असेल तेथेच. झाकणारे दोन-तीन महिन्यांनी सर्वत्र. साध्या घरच्या गाडीला याहून अधिक शास्त्र लागत नाही.

झाकणाऱ्यांतही भाव आहेत, आणि भावांबरोबर थापाही आहेत. जुने विश्वासू द्रव्य म्हणजे कार्नोबा मेण. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते धरते; वितळते सुमारे ८२ ते ८६ अंशांना, त्यामुळे आपल्या वैशाखात तापलेल्या टपावरही ते टिकते. याला जाहिरातीत आता मान उरलेला नाही. मध्यंतरी ‘टेफ्लॉन कोटिंग’ची लाट आली होती आणि नव्या गाडीच्या बिलात ती रक्कम निमूटपणे जमा होत असे. तव्यावरचा टेफ्लॉनचा थर बसतो तो तीनशे अंशांहून अधिक उष्णता दिल्यावर. मोटारीच्या दारावर फडक्याने चोळून तो तसाच कसा बसावा, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. आता त्या सिंहासनावर ‘सिरॅमिक’ आणि ‘ग्राफीन’ येऊन बसले आहेत. सिरॅमिक आवरण ही थाप आहे असे आमचे म्हणणे नाही. सिलिकायुक्त द्रव्य लाखेवर रासायनिक रीतीने घट्ट बसून कडक होते आणि मेणापेक्षा पुष्कळ काळ टिकते, हे खरे. पण ते बसवावयाचे तर आधी गाडी निर्मळ धुऊन, चरे काढून, धुळीपासून दूर बंद जागेत काम करावे लागते. खर्च मोठा होतो तो याचा. दोन-तीनशे रुपयांच्या फवाऱ्यावर तोच शब्द छापला म्हणून त्या फवाऱ्यात ती करामत येत नाही. त्यात त्या द्रव्याचा अंश असतो आणि त्याचे आयुष्यही अंशानेच असते.

त्यातून ‘९ एच कठीणपणा’ हा शिक्का. तो पाहून ग्राहकाला वाटते, हिऱ्याचा दहावा क्रमांक, तर हे नवव्या क्रमांकाचे कवच असणार! हा ९ हिऱ्याच्या मोजपट्टीवरचा नव्हेच. चित्रकाराच्या पेन्सिली एच, २ एच अशा चढत्या कठीणपणाच्या असतात; ९ एच ही त्या चाचणीतली सर्वांत कडक पेन्सिल. तिने रेघोटी उठली नाही, इतकाच त्या शिक्क्याचा अर्थ. खनिजांच्या मोजपट्टीवर रस्त्याच्या धुळीतील गारगोटीचा कण सातव्या क्रमांकाचा आहे, आणि पेन्सिलीचे शिसे त्याच्यापुढे काहीच नाही. दगड उडाला तर सिरॅमिकही सोलवटते, आणि कबुतराची विष्ठा दोन दिवस उन्हात वाळू दिली तर सिरॅमिकवरही डाग पडतो.

नावांच्या गर्दीविषयी एक गंमत सांगण्यासारखी आहे. फळीवर एकमेकांशी स्पर्धा करणारी वाटणारी नावे आतून कित्येकदा सोयरी असतात. मॅग्वायर्स हे घराणे अमेरिकेत १९०१ साली लाकडी सामानाच्या पॉलिशपासून सुरू झाले आणि २००८ साली ३ एम कंपनीने ते विकत घेतले. दोन्ही नावांचा माल आजही दुकानात शेजारी शेजारी उभा असतो आणि ग्राहक ‘याच्यापेक्षा ते बरे’ म्हणून वाद घालतो.

पण हे सर्व झाले झिलईचे. त्याआधी धुणे आहे, आणि आमच्या मते उधन्याच्या गाड्यांचा रंग जातो तो निकृष्ट पॉलिशने कमी आणि चुकीच्या पुसण्याने अधिक. येथील गाडीवर रात्रभरात काय बसते ते पाहा. आसपासच्या रंगाई कारखान्यांतील बॉयलरांची बारीक राख, यंत्रमागांच्या खोल्यांतून उडणारा तंतूंचा भुगा, बांधकामांची सिमेंट-रेती, मोठ्या रस्त्यावरील अवजड वाहनांचा धूर. समुद्र उधन्यापासून काही कोसांवर. पण पावसाळ्यापूर्वीचा डुमसकडून येणारा दमट वारा खारेपणा घेऊन येतोच, आणि गाडी डुमसच्या किनाऱ्यावर फिरवून आणली असेल तर खालच्या पत्र्याला मीठ चिकटलेले असते. मुंबई, कोकण, गोव्याच्या वाचकांना या शत्रूची ओळख करून देण्याची गरज नाही. ते मीठ हवेतील ओल खेचून पत्र्याला बिलगून बसते, म्हणून किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीच्या पोटावर गोड्या पाण्याचा मारा करणे हे कोणत्याही मेणापेक्षा मोलाचे. उधन्याचे आणखी एक खास दान आहे. जंक्शन आणि लोहमार्गाच्या आसपास उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी रंगाचे असंख्य बारीक ठिपके दिसू लागतात. मालक घाबरतो, पत्रा सडला म्हणून. पत्रा सडलेला नसतो. ब्रेक आणि रूळ यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण लाखेत रुतून तेथे गंजतात. ते घासून काढू नयेत. ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचे एक दुर्गंधी द्रव्य मिळते. ते लावताच ठिपके जांभळे होऊन विरघळतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. फळीवरच्या ज्या थोड्या बाटल्यांनी आमचे मत बदलले, त्यांतली ही एक.

या राखेत आणि धुळीत गारगोटीचे कण आहेत, हे एकदा लक्षात आले की पहाटे सोसायट्यांच्या आवारात जे चालते ते पाहून अंगावर काटा येतो. साडेपाचला एक मुलगा येतो. त्याच्याजवळ एक बादली आणि एक फडके. दहा गाड्या, एकच पाणी, एकच फडके. आणि पाण्याची टंचाई असली तर तेही नाही, कोरडेच झटकणे. पहिल्या गाडीची राख दहाव्या गाडीवर घासली जाते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात ते या सेवेचे. महिना काही शे रुपयांत त्या मुलाकडून शास्त्रोक्त धुण्याची अपेक्षा करणे हा अन्याय होईल. पण सोसायटीतील दहा गाड्यांच्या मालकांनी एकत्र येऊन त्याला दुसरी बादली आणि डझनभर फडकी दिली, तर त्याचा खर्च एका मध्यम बाटलीहून कमी येईल. रीत साधी आहे. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग एका बादलीत गाडीचा शांपू, दुसरीत साधे पाणी. फडके शांपूत बुडवावे, वरून खाली पुसावे, आणि पुन्हा शांपूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळखळून काढावे, म्हणजे रेती त्या बादलीच्या तळाशी बसते. चाकांचे फडके वेगळे, ते चुकूनही वर येऊ नये. उन्हात तापलेला पत्रा धुऊ नये. आणि बोअरचे पाणी असेल तर ते आपोआप वाळू देऊ नये, कारण त्यातील क्षार पांढरे डाग होऊन मागे राहतात. तीन बादल्यांत लहान गाडी उत्तम धुतली जाते. नळी सोडून अर्धा तास पाणी वाहवणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या टँकरचे दिवस आठवावे.

शांपूच्या जागी कपड्यांची पावडर चालते का, असे हमखास विचारले जाते. एकदा वापरल्याने गाडी जळून जात नाही, हे मान्य. पण तेलकट मेण काढणे हाच त्या पावडरीचा धर्म असल्यामुळे आदल्या महिन्यात लावलेले वॅक्स ती पहिल्या धुण्यातच घेऊन जाते, आणि काचेभोवतीचे रबर हळूहळू निस्तेज होते. भांडी घासण्याच्या द्रवाचे तेच. रॉकेलचा हात फिरवण्याची जुनी युक्ती तर सोडूनच द्यावी. डांबराचे डाग त्याने निघतात, पण मागे राहिलेल्या तेलकट पापुद्र्यावर दुप्पट धूळ बसते. डॅशबोर्डवरील चकाकणाऱ्या पॉलिशविषयी फार लिहिण्याची इच्छा नाही. ओले फडके पुरते. त्या तेलकट चकाकीचे प्रतिबिंब दुपारी समोरच्या काचेत पडते आणि ड्रायव्हरचे डोळे दिपतात. टायरच्या पॉलिशचेही तसेच. बाजूला लावले तर शोभा. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकच्या चकतीवर उडाले तर जिवाशी गाठ.

फडक्याच्या बाबतीत मात्र उधन्याने कोणाचा सल्ला घ्यावा असे आम्हांस वाटत नाही. मायक्रोफायबर म्हणून जे परदेशी छापाच्या वेष्टनात चढ्या भावाने विकले जाते, ते पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या केसाहून कितीतरी बारीक चिरलेल्या तंतूंचे कापड होय. ज्या शहराचा सारा संसार कृत्रिम धाग्यावर उभा आहे, त्या शहराच्या रहिवाशाने हे कापड हातात घेऊन, चिमटीत चोळून, त्याचे वजन आणि विण पाहून निवडावे. छापाकडे पाहू नये. दाट लवीचे, शिवणीच्या कडा टोचत नाहीत असे, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या पुढचे असले की झाले. धुताना त्यात कपडे मऊ करणारे द्रव्य मात्र घालू नये. त्याने तंतूंच्या फटी बुजतात आणि फडके पाणी टिपण्याऐवजी पसरवू लागते. जुनी साडी आणि बनियन यांचा मोह आवरावा. त्यांत बटणाचा तुकडा, जरीची तार किंवा शिवणीची गाठ कोठे लपली असेल ते सांगता येत नाही.

आता एका गंभीर गोष्टीकडे वळतो. अलॉयची चाके क्षणात उजळतात म्हणून काही वॉशिंग सेंटरांतून बिनलेबलाच्या प्लास्टिक कॅनमधील द्रव फवारला जातो. अशा चाक-सफाईच्या द्रवांपैकी काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच जातीचे अमोनियम बायफ्लोराइड असते. रंगाई कारखान्यांत काम केलेल्यांना आम्लाची सवय असते. भाजले की लगेच आग होते आणि माणूस हात धुतो, असा त्यांचा अनुभव. हे आम्ल तसे नाही. पातळ केलेले असेल तर कातडीवर ते पडल्याचे कित्येक तास कळतही नाही. तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम खेचून घेते, हाडापर्यंत जाते, आणि मोठ्या प्रमाणात अंगावर पडले तर हृदयाचे ठोके बिघडवून प्राणही घेऊ शकते. चाके घासणारी मुले उघड्या हातांनी, बोटांच्या चिरांनिशी, दिवसाला वीस गाड्यांची चाके धुतात. असा द्रव हाताला लागल्याचा संशय आला तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली हात बराच वेळ धरावा, दुखण्याची वाट पाहू नये, आणि कॅन बरोबर घेऊन रुग्णालयात जाऊन ‘फ्लोराइडचे आम्ल आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप हा नेमका उपचार आहे. गाडीमालकाने एवढे करावे की चाकांवर काय फवारणार आहात, हे विचारल्याशिवाय किल्ली देऊ नये. साधा शांपू आणि मऊ ब्रश यांनी चाके थोडी उशिरा, पण तितकीच स्वच्छ होतात.

बिनलेबलाच्या मालाविषयी कायदा मुका नाही. विधिमापनशास्त्र खात्याच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंद वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन अथवा माप, निर्मितीचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, आणि माल बाहेरून आला असेल तर देशाचे नाव छापणे बंधनकारक आहे. अलीकडच्या दुरुस्तीने मिलिलिटरमागे किंवा ग्रॅममागे पडणारी किंमतही छापावी लागते. बाटल्यांच्या आकारांच्या गर्दीत ती बारीक ओळच ग्राहकाची खरी मैत्रीण. २०० मिलिलिटरची देखणी बाटली आणि लिटरचा ओबडधोबड डबा यांचे मिलिलिटरचे भाव शेजारी मांडून पाहावेत. आम्ही पाहिले तेव्हा देखण्या बाटलीचा भाव तिपटीच्या घरात निघाला. आणि ‘आयुष्यभर झिलई’, ‘ओरखडा पडणारच नाही’ अशा वल्गनांना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात असे नाव आहे. त्यासाठी केंद्रीय प्राधिकरण उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. तक्रार नोंदवावयाची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. पावती नसेल तर मात्र तक्रारीत जोर राहत नाही. आणि ‘बिल घेतलं तर इतके जास्त पडतील’ असे ऐकल्यावर आपणच मान डोलावतो, हेही येथे नमूद केलेच पाहिजे.

धुणे आणि झळकवणे यांतला फरक सुरतेने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकून घेतला आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे हे शहर सोडून पळाली. १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले, आणि त्यांनी रोज कचरा उचलणे, गटारे वाहती ठेवणे, अधिकाऱ्यांना सकाळी रस्त्यावर उतरवणे ही नीरस कामे हाती घेतली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या जोडीने देशात पहिली आली. त्याच शहरात मोटारीची धूळ न धुता तिच्यावर सिरॅमिकचा फवारा मारला जावा, हे थोडे विसंगत दिसते.

राहता राहिला खुद्द दसरा. शस्त्रांबरोबर वाहनाची पूजा ही आपली रीत आहे आणि ती यथासांग व्हावी. सकाळी गाडी वरील रीतीने धुऊन घ्यावी. वॅक्स लावावयाचे असेल तर ते आदल्या दिवशीच सावलीत लावून टाकावे, म्हणजे पूजेच्या द्रव्यांचा डाग लाखेपर्यंत पोहोचणार नाही. झेंडूची माळ तारेत ओवलेली नसावी, दोऱ्याची असावी. महामार्गावर वाऱ्याने हलणारी तार बॉनेटवर कानसेसारखी चालते. चाकाखाली लिंबू ठेवावयास हरकत नाही. नारळ फोडावयाचा तो दगडावर, गाडीच्या पत्र्यावर किंवा बंपरवर नव्हे. आणि त्याचे गोड पाणी उडाले तर पुसून टाकावे. कुंकवाचा स्वस्तिक काढताना ते फार ओले करू नये. पूर्वीचे कुंकू हळद आणि चुन्याचे असे. आता बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा कुंकवात कृत्रिम रंग असतो, आणि तो पांढऱ्या गाडीवर रात्रभर ओला राहिला तर गुलाबी छटा सोडून जातो. म्हणून सीमोल्लंघन करून, आपट्याची पाने वाटून घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी पाण्याचा एक हात फिरवावा. हळदीचा पिवळा डाग तेवढ्यानेही राहिला तर कंपाउंडची नळी शोधावयास जाऊ नये. हळदीचा रंग सूर्यप्रकाशात तग धरीत नाही. गाडी काही दिवस उन्हात उभी राहिली की तो आपोआप फिकट होत जातो.